इंचभर चतुर, गुडघाभर पाणी

मोबाईलवर चतुराचा फोटो पाठवून 'हा कुठला?' असं विचारणारे हल्ली वाढलेत, आणि हे चांगलंच आहे. अडचण एवढीच, की फोटोत चतुर असतो, पाणी नसतं. मोठ्या, ठळक चतुरांचं त्यावाचून भागतं. छोट्या निळ्या चतुराचं भागत नाही. तो तळ्याच्या गवतात बसला होता की शेताच्या बांधावर, काडीवर होता की मातीवर, पाणी गुडघाभर होतं की पुरुषभर, हे कळलं तर निम्मी ओळख तिथेच पटते.

चिकोडी आणि निपाणी तालुक्यांत श्रावणापासून दिवाळीपर्यंत कुठल्याही गवताळ तळ्याच्या काठावर बसलं, तर असा एक निळा-काळा चतुर दिसण्याची चांगली शक्यता आहे. डोक्यापासून शेपटापर्यंत मोजला तर जेमतेम इंचभर. इंग्रजीत त्याला 'ट्रम्पेट टेल' म्हणतात, शास्त्रीय नाव असिसोमा पॅनॉर्पॉइडिस. तो दुर्मीळ नाही. भारतभर सापडतो, आणि जागतिक लाल यादीतही 'चिंतेचं कारण नाही' याच गटात आहे. तरीही त्याच्यावर वेळ घालवावा असं मला वाटतं, कारण एखाद्या तळ्याचा काठ अजून शाबूत आहे की नाही हे सांगणारा इतका स्वस्त आणि इतका खात्रीचा साक्षीदार दुसरा नाही.

आधी घरोघरचा गोंधळ मिटवू. आपल्याकडे पोरं चतुराला दोरा बांधून उडवतात, आणि शेजारच्या कन्नड शाळेतली पोरं त्यालाच 'एरोप्लेन चिट्टे' म्हणतात. पण या नावाखाली दोन वेगळी कुळं एकत्र होतात. बसल्यावर पंख दोन्ही बाजूंना आडवे पसरून ठेवतो तो चतुर. पंख मिटून पाठीवर एकत्र घेते ती टाचणी. चतुराचे डोळे मोठे, बहुतेकांचे माथ्यावर एकमेकांना भिडलेले. टाचणीचे दोन डोळे डोक्याच्या दोन टोकांना, मध्ये भरपूर जागा. तळ्याकाठी ट्रम्पेट टेलच्या शेजारीच पिग्मी डार्टलेट नावाची, लांबीला दोन सेंटिमीटरच्या आसपास असलेली टाचणी हमखास असते. तीही छोटी, पण काडेपेटीतल्या काडीहून बारीक; तिच्यात आणि आपल्या चतुरात घोटाळा व्हायचं कारण नाही. घोटाळा होतो तो दुसऱ्या चतुरांशी, आणि त्याकडे येतोच.

ज्याला आपण शेपूट म्हणतो ते खरं तर चतुराचं पोट. दहा वलयांचं. बहुतेक चतुरांचं पोट एकसारखं तरी असतं किंवा मुळापासून टोकापर्यंत हळूहळू निमुळतं होत जातं. ट्रम्पेट टेलचं तसं नाही. पहिली पाच वलयं फुगीर, वरून पाहा की बाजूने पाहा, गोलसर सुजल्यागत. आणि सहाव्या वलयापासून पोट एकदम बारीक, नळीसारखं सरळ. हा बदल सावकाश होत नाही, एका सांध्यावर होतो. नावातली तुतारी ती हीच. एकदा हा आकार डोळ्यांत बसला की पुढे रंग बघायचीही गरज उरत नाही. दहा पावलांवरून, उन्हाविरुद्ध नुसती काळी आकृती दिसली तरी ओळखता येतो.

तरी रंगही बघण्यासारखा आहे. नराचं अंग फिकट आकाशी आणि त्यावर काळ्या रंगाची वेडीवाकडी नक्षी, संगमरवरात काळ्या शिरा असाव्यात तशी. पोटाच्या शेवटच्या वलयांवर काळा रंग वाढत जातो आणि अगदी टोकाला दोन इवलाली उपांगं पांढरट. डोळे निळे. पंख स्वच्छ पारदर्शक, फक्त टोकाजवळ एक फिकट पिवळसर ठिपका. हा ठिपका शोभेचा नाही: पंखाच्या त्या जागी थोडं वजन वाढवून तो हवेत तरंगताना पंखाची थरथर आटोक्यात ठेवतो. मादीत निळ्याच्या जागी हिरवट पिवळा रंग असतो, नक्षी तशीच, आकारही तसाच. नुकत्याच पंख फुटलेल्या नराचा रंगही मादीसारखाच पिवळट असतो, म्हणून रंगावरून नर-मादी ठरवायची घाई करू नये.

मापं सांगायची तर पोट १५ ते १८ मिलिमीटर, मागचा पंख १६ ते २१ मिलिमीटर. ही मापं फ्रेझरची. फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला लष्करी डॉक्टर. नोकरीनिमित्त जिथे गेला तिथले चतुर गोळा करत राहिला, आणि 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालिकेत चतुर-टाचण्यांवर त्याने १९३३, १९३४ आणि १९३६ साली तीन जाडजूड खंड लिहिले. नव्वद वर्षं होत आली तरी भारतात चतुराची खात्रीची ओळख पटवायची तर शेवटी फ्रेझरच उघडावा लागतो. ट्रम्पेट टेल त्याच्या तिसऱ्या खंडात आहे.

त्याला मूळ नाव दिलं ते फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ रांबूर याने, १८४२ साली. नावातला 'पॅनॉर्पा' हा युरोपातला विंचूमाशी नावाचा कीटक. रांबूरला याच्या अंगकाठीत त्याचा भास झाला असावा. त्यानंतर पावणेदोनशे वर्षं हाच चतुर आफ्रिकेपासून आशियापर्यंत पसरलेला आहे असं मानलं जात होतं. २०१६ साली युरोपातल्या संशोधकांच्या एका गटाने नमुने आणि जनुकं दोन्ही तपासून दाखवलं, की या असिसोमा गटात दोन नव्हे, सहा जाती आहेत. आफ्रिका आणि मादागास्करचे वेगळे निघाले, त्यातल्या मादागास्करच्या एका जातीला सर डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचं नाव मिळालं, आणि असिसोमा पॅनॉर्पॉइडिस हे जुनं नाव फक्त आशियातल्या जातीकडे, म्हणजे आपल्याकडे राहिलं. जुन्या पुस्तकात 'आफ्रिकेतही आढळतो' असं वाचलंत तर ते वाक्य आता खोडायला हरकत नाही.

आता घोटाळ्याकडे. आपल्या भागात छोटे निळे चतुर, ट्रम्पेट टेल धरून, मुख्यतः तीन.

बाकीच्यांतला पहिला ग्राउंड स्किमर, डिप्लॅकोडिस ट्रिव्हियॅलिस. गंमत म्हणजे यालाही रांबूरनेच १८४२ सालीच नाव दिलं, आणि ट्रिव्हियॅलिस म्हणजे अगदी सामान्य, कुठेही मिळणारा. खरोखरच तो कुठेही मिळतो: उसाच्या सरीत, सोयाबीनच्या बांधावर, शाळेच्या मैदानात, पाण्यापासून लांबही. पिकलेल्या नराच्या अंगावर जांभळावर असते तशी मेणट निळसर झाक चढते, जी बोटाने पुसली जाते. ट्रम्पेट टेलच्या अंगावर अशी झाक नसते, त्याचा रंग कातडीचाच. शिवाय ग्राउंड स्किमरचं पोट सडपातळ, कुठेही फुगवटा नाही. टोकाची उपांगं मात्र याचीही फिकट असतात, तेवढ्यावरून निर्णय करू नका. सगळ्यात सोपी खूण बसण्याची. ग्राउंड स्किमर जमिनीवर बसतो. उघड्या मातीवर, दगडावर, वाळलेल्या पाचटावर. तुम्ही जवळ गेलात की उडतो आणि दोन-तीन हातांवर पुन्हा मातीवरच उतरतो. ट्रम्पेट टेल मातीवर बसत नाही. त्याला उभी काडी लागते.

दुसरा लिटल ब्लू मार्श हॉक, ब्रॅकिडिप्लॅक्स सोब्रिना. हाही गवताळ तळ्यावरच, हाही काडीवरच, म्हणून इथे जागेवरून भागत नाही, अंग बघावं लागतं. तो थोडा मोठा, त्याचं पोट रुंद आणि चपटं, टोकाकडे निमुळतं होत जाणारं; अंगावर तीच निळसर मेणट झाक, आणि कपाळावर धातूसारखी चमक. नक्षी नाही. ज्याच्या अंगावर काळ्या-निळ्या शिरांची नक्षी आहे तो ट्रम्पेट टेल, ज्याचा निळा सपाट आहे तो हा.

तिसरा घोटाळा मादीचा होतो. ग्रीन मार्श हॉक, ऑर्थेट्रम सॅबिना, याचंही पोट मुळाशी फुगीर आणि पुढे बारीक, रंग हिरवट पिवळा आणि काळा. फोटोत मोजपट्टी नसते, त्यामुळे ट्रम्पेट टेलची मादी आणि हा यांची सरमिसळ सहज होते. प्रत्यक्षात सॅबिनाचं पोट ३० ते ३६ मिलिमीटर, म्हणजे दुप्पट. फुगवटाही पहिल्या दोन-तीन वलयांपुरताच. आणि वागणं अगदी उलट. सॅबिना हा तळ्याकाठचा गुंड आहे. डास-चिलटांवर न थांबता तो इतर चतुरांना, फुलपाखरांना धरून खातो. काठावर बसून धीराने पाहिलंत तर त्याच्या पायांत अडकलेला एखादा छोटा चतुरही दिसेल, आणि तो आपला इंचभराचाही असू शकतो.

ट्रम्पेट टेलची उडण्याची हिंमत तशी बेताचीच. लव्हाळ्याच्या पात्यांमधून, पाण्यापासून हातभर उंचीवर, एका काडीवरून दुसऱ्या काडीवर. भरारी नाही, घिरट्या नाहीत. पावसाळ्याच्या शेवटी चिकोडीच्या माळावर थव्याने उडणारे पिवळसर चतुर पाहिलेत ना, ते वाँडरिंग ग्लायडर, पँटाला फ्लॅव्हेसेन्स. त्यांची जात भारतातून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिका गाठते, असा अंदाज मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून २००९ साली मांडला आणि पुढच्या अभ्यासांनी त्याला बळ दिलं. एक समुद्र ओलांडणारा, दुसरा तळ्याचा काठ न सोडणारा. म्हणूनच पँटाला दिसला तर आसपासच्या पाण्याबद्दल काहीच कळत नाही, आणि ट्रम्पेट टेल दिसला तर जवळपास सगळं कळतं.

काय कळतं, ते समजण्यासाठी त्याच्या आयुष्याचा पाण्यातला भाग पाहायला हवा. मादी पोटाचं टोक पाण्यात बुचकळून अंडी सोडते. त्यातून निघतं ते पिल्लू चतुरासारखं मुळीच दिसत नाही: मातकट, सहा पायांचं, बिनपंखांचं. ते पाण्याखाली शेवाळाला आणि बुडालेल्या पात्यांना धरून राहतं. श्वास घेतं तो गुदद्वारातून पाणी आत ओढून, तिथल्या कल्ल्यांनी. धोका आला की तेच पाणी जोरात मागे फेकतं आणि झटक्यात पुढे सरकतं. खालचा ओठ घडी घातलेला, हातासारखा लांब होणारा, टोकाला चिमटे. भक्ष्य टप्प्यात आलं की ओठ पुढे फेकून पकडायचं, तोंडाशी आणायचं, खायचं. डासांच्या अळ्या, पाण्यातले सूक्ष्म कवचधारी जीव, इतर पिल्लं, जे सापडेल ते. पुन्हा पुन्हा कात टाकत, उबदार उथळ पाण्यात काही आठवड्यांत ते पूर्ण वाढतं. मग एका रात्री किंवा पहाटे एखाद्या पात्यावरून पाण्याबाहेर चढतं, पाठ उकलते, आतून ओलाचिंब, फिकट, धड उडता न येणारा चतुर बाहेर येतो. पंख वाळायला वेळ लागतो. तेवढ्यात मुंग्या, कोळी, पक्षी यांच्यापासून वाचला तर वाचला. मागे पात्याला चिकटलेली कात राहते. लव्हाळ्याच्या बुंध्यापासून वीतभर वर अशा काती शोधा. उडणारा चतुर दुसऱ्या तळ्यावरून आला असेल, पण कात याच पाण्यातली असते.

म्हणजे अंडी सोडायला शांत पाणी, पिल्लाला लपायला बुडालेलं गवत, बाहेर यायला उभी पाती, पंख वाळवायला आणि नराला जागा राखायला काड्या. चारही गोष्टी एकाच पट्ट्यात हव्यात: पाणी आणि जमीन यांच्या मधल्या, गुडघाभर खोलीच्या, लव्हाळा-पाणकणसाने भरलेल्या पट्ट्यात. मध्यभागी तळं किती खोल आहे, किती मोठं आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

हा पट्टा आपल्या भागात कुठे सापडतो? नदीत फारसा नाही. चिकोडी गाव नदीकाठी नाही, पण तालुक्याच्या उत्तरेला कृष्णा आहे, दूधगंगा आहे, निपाणीकडून वेदगंगा येते. या नद्यांचा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे. पाऊस पडतो राधानगरी-भुदरगडात, काळम्मावाडी आणि पाटगावची धरणं भरतात, आणि पूर येतो सदलगा-कारदग्यात, इथे आभाळ कोरडं असतानाही. कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी हे खालच्या पातळीचे पूल-बंधारे दरवर्षी पाण्याखाली जातात. २००५, २०१९ आणि २०२१ ला तर पुलांबरोबर गावंही गेली. अशा नदीच्या काठावर लव्हाळा रुजतो तोच वाहून जातो. पाऊस संपल्यावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे घातले की नदीच तळ्यासारखी तटते, तेव्हा काठाला थोडं गवत धरतं आणि काही चतुर येतात. पण तिथलं राज्य डिच ज्वेल, ब्रॅकिथेमिस कॉन्टॅमिनाटा, या पिवळट-नारिंगी पंखांच्या छोट्या चतुराचं. त्याला सांडपाणी चालतं. गावाचा नाला जिथे पात्रात मिळतो तिथे तो शेकड्यांनी असतो.

ट्रम्पेट टेलची खरी जागा म्हणजे गावतळी, जुने पाझर तलाव, कालव्याच्या गळतीने भरलेले खोलगट तुकडे आणि पूर ओसरल्यावर मळीच्या रानात मागे राहिलेली डबकी. यात आणखी एक भर पडली आहे, जिचा शेतकऱ्याला राग येतो आणि चतुराला फायदा होतो: क्षारपड रान. उसाला पाटाने भरमसाट पाणी दिलं, काळ्या जमिनीत निचरा झाला नाही, की खालचे क्षार वर येतात. कृष्णाकाठी शिरोळपासून आपल्या बाजूपर्यंत अशी चोपण झालेली, पाणकणीस माजलेली रानं आहेत. पाणी फार खारं नसेल तिथे चतुर येतात. शिरोळकडे जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून अशी रानं पुन्हा पिकाखाली आणली जात आहेत, आणि ते योग्यच आहे. चतुरासाठी कुणी आपलं रान नापीक ठेवावं असं म्हणणारा माणूस शेतकऱ्याच्या बांधावर उभा राहू शकणार नाही.

प्रश्न गावतळ्यांचा आहे. तिथे कुणाच्या पोटावर पाय येत नाही, आणि नुकसान मात्र तिथेच सर्वात जास्त होतं. तळ्याचं 'सुशोभीकरण' म्हटलं की ठरलेला कार्यक्रम असतो: पोकलेनने कडेचं सगळं गवत ओरबाडायचं, काठ उभा कापायचा, दगडी पिचिंग किंवा काँक्रीटची भिंत, वरून पेव्हर ब्लॉकचा रस्ता, दोन सिमेंटचे बाक. पाणी वाढतं, तळं स्वच्छ दिसतं, उद्घाटनाचे फोटो छान येतात. आणि गुडघाभर पाण्याचा तो पट्टा शून्य होतो. भिंतीला लागून थेट पुरुषभर पाणी.

चतुर तरीही दिसतात, आणि फसगत तिथेच होते. काँक्रीटच्या भिंतीवर ग्रॅनाइट घोस्ट, ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा, येतो. राखाडी-काळा, ठिपक्या-ठिपक्यांचा, दगडावर बसला की दिसतच नाही. विहिरीचे कठडे, सिमेंटच्या टाक्या, साठलेलं पाणी त्याला पुरतं. 'बघा, चतुर आहेत की,' असं म्हणायला लोक मोकळे. पण लव्हाळ्यातला गेला आणि भिंतीवरचा आला, हा बदल लहान नाही. माझ्या मते हे तीन चतुर ओळखता आले तर गावच्या तळ्याचा दाखला कुणाकडे मागायला नको. ट्रम्पेट टेल असेल तर काठ जिवंत आहे. नुसता डिच ज्वेल असेल तर सांडपाणी शिरलं आहे. नुसता ग्रॅनाइट घोस्ट असेल तर काठ सिमेंटने संपवला आहे. प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं, ज्याला आपल्याकडे सरकारी कागदात कृषी होंडा म्हणतात, तिथे पँटाला अंडी घालून जाईल, पण ट्रम्पेट टेल फिरकणार नाही. प्लॅस्टिकवर लव्हाळा रुजत नाही.

उलट टोकही सांगायला हवं. हिरवं दिसतं ते सगळं चांगलं, असंही नाही. जलपर्णीने तळं काठोकाठ झाकलं की खाली उजेड पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, बुडालेलं गवत मरतं. पंचगंगेवर इचलकरंजीजवळ हे दरवर्षी पाहायला मिळतं. बेशरमाची झुडपं काठ अडवतात ती वेगळीच. जलपर्णी काढा, बेशरम तोडा, त्याला कुणाची हरकत नसावी. लव्हाळा आणि पाणकणीस यांना त्यांच्यात धरू नका, एवढंच.

डासांचा मुद्दा निघतोच. चतुर डास खातात, पिल्लं डासांच्या अळ्या खातात, हे खरं. पण चतुर असले म्हणजे गावात डास राहणार नाहीत, हा प्रचार मला पटत नाही. घराशेजारच्या गटारातल्या घाण पाण्यात जे डास होतात, त्या पाण्यात ट्रम्पेट टेल जगतच नाही. तळ्याकाठी तो डासांवर वचक ठेवतो, गटाराची जबाबदारी त्याच्यावर ढकलू नये. डास मारायला तळ्यात गंबुसिया मासे सोडतात, ते मात्र चतुराची छोटी पिल्लंही तितक्याच आवडीने खातात.

फवारणीचंही थोडं. जपानमध्ये 'अकिआकाने' नावाचा लाल चतुर शरद ऋतूची खूण मानला जातो, शाळकरी पोरांना तो तोंडपाठ असतो. १९९० नंतरच्या काळात तो अनेक प्रांतांत भाताच्या खाचरांतून झपाट्याने दिसेनासा झाला, आणि तिथल्या संशोधकांनी त्याचा संबंध रोपांच्या ट्रेमध्ये वापरल्या जाणाऱ्या फिप्रोनिल आणि तत्सम कीटकनाशकांशी जोडला. तेच फिप्रोनिल दाणेदार स्वरूपात आपल्याकडे उसात खोडकिडीसाठी टाकतात. शेताचा उतार ज्या ओढ्याकडे किंवा तळ्याकडे असेल, तिथे पहिल्या पावसाचं पाणी काय घेऊन जातं हे यावरून समजून घ्यावं. वळवाच्या तोंडावर दाणे टाकायचे टाळले तरी पुष्कळ फरक पडतो, आणि पैसेही वाहून जात नाहीत.

कायदा मदतीला येईल असं वाटत असेल तर २०१७ चे केंद्राचे पाणथळ जागा नियम वाचावेत. त्यांच्या व्याख्येतून नदीची पात्रं, भातखाचरं, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेली तळी आणि सिंचनासाठी बांधलेली तळी वगळलेली आहेत. चिकोडी-निपाणीतलं जवळजवळ सगळं पाणी या चार शब्दांत बसतं. निपाणीला पाणी पुरवणारा जवाहर तलाव पिण्यासाठी, पाझर तलाव सिंचनासाठी, उरलेल्या नद्या. रामसर दर्जा मिळालेल्या गदगच्या मागडी केरेची किंवा नाशिकच्या नांदूर मध्यमेश्वरची गोष्ट वेगळी. तिथे पक्षी येतात, पाहुणे येतात. इंचभर चतुरासाठी कुणी बोर्ड लावत नाही.

त्यापेक्षा उपयोगी हत्यार गावातच आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकांची नोंदवही ठेवायला सांगितलं आहे. नोंदवहीत झाडं, औषधी वनस्पती, गुरांच्या जाती सहसा लिहिल्या जातात. चतुर लिहायला बंदी नाही. सीमेपलीकडे महाराष्ट्रात किती चतुर-टाचण्या आहेत याची नीट यादी २०१५ साली आशिष टिपले आणि पंकज कोपर्डे यांनी प्रसिद्ध केली, तेव्हा आकडा १३४ होता. त्यानंतर भरच पडते आहे: २०१९ साली सिंधुदुर्गातून सेरियाग्रिऑन क्रोमोथोरॅक्स ही टाचणी, २०२२ साली आंबोलीजवळच्या चौकुळमधून बर्मागोम्फस चौकुलेन्सिस हा चतुर, दोन्ही विज्ञानाला नवे. चौकुळ इथून काही तासांच्या अंतरावर. आंबोलीला उगम पावणारी हिरण्यकेशी संकेश्वरवरून आपल्याच जिल्ह्यात येते. घाटावरचं वैभव आपल्या काळ्या रानात नाही हे मान्य, पण मैदानातल्या तळ्यांकडे कुणी बघितलंच नाही तर यादी रिकामीच राहणार.

बघायला फार काही लागत नाही. ऊन चढल्यावर, दहाच्या पुढे जा. सकाळच्या गारव्यात चतुर सुस्त असतात. पाण्याकडे नव्हे, काठच्या काड्यांकडे बघा, गुडघ्याच्या उंचीवर. एक फोटो वरून, एक बाजूने, जमल्यास पोटाच्या टोकाचा एक. तारीख, गाव, तळ्याचं नाव आणि काठाला काय उगवलंय ते लिहा. ओळख पटवायला के. ए. सुब्रमणियन यांची द्वीपकल्पीय भारतातल्या चतुरांवरची २००५ ची पुस्तिका आणि 'ओडोनाटा ऑफ इंडिया' ही वेबसाइट पुरेशी आहे. हाताने पकडायची गरज नाही, आणि दोरा तर नाहीच.

आणि एक मागणी पंचायतीकडे करा. तळ्यातला गाळ काढायचं काम उन्हाळ्यात निघतं. त्याचा आराखडा त्याआधी ग्रामसभेत येतो. त्या दिवशी उभं राहून पंचायत विकास अधिकाऱ्यांना (पीडीओ) एवढंच लिहून घ्यायला सांगा, की तळ्याची जी बाजू मुळात उथळ आहे, तिथला पाव हिस्सा काठ लव्हाळ्यासकट तसाच सोडायचा, पिचिंग उरलेल्या तीन बाजूंना. यात पंचायतीचा एक रुपया वाढत नाही, उलट वाचतो.